दहा सालांचा हिशेब

अक्षय्यतृतीयेचा सूर्य मावळतीला झुकला, की बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ नावाच्या गावाबाहेरच्या एका शेतात घटमांडणी होते. अठरा प्रकारच्या धान्यांचे गोल रिंगण मांडतात. मधोमध एक खड्डा करतात. त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून. ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, आणि जवळच पानसुपारी. एवढे झाले की सगळ्यांनी घरी जायचे. रात्री त्या शेताकडे कोणी फिरकायचे नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन कोणते धान्य जागचे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले हे पाहायचे आणि त्यावरून येत्या सालचे भाकीत सांगायचे. पाऊस कसा पडेल, कापूस पिकेल की ज्वारी, राजा स्थिर राहील की नाही, हे ऐकायला दूरदूरचे शेतकरी तेथे जमतात.

शहरातल्या वाचकाला कदाचित याचे हसू येईल. पण त्याने आपल्या घरातली दिवाळी आठवून पाहावी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेअरबाजारात मुहूर्ताचे सौदे होतात, आणि त्याच सुमारास येत्या वर्षी कोणता शेअर किती वर जाणार याची भाकिते घरोघर सुरू होतात. फराळाचे ताट पुढे घेऊन एखादा भाचा किंवा जावई मोठ्या आत्मविश्वासाने भविष्य सांगत असतो. फरक इतकाच, की येथे घागर नसते आणि ढेकळेही नसतात. मांडणी मात्र तीच!

माझे मामा खामगावजवळच्या एका खेड्यात शेती करीत. ते दर साली भेंडवळला भक्तिभावाने जात, भाकीत ऐकत, घरी येऊन मामींना सविस्तर सांगत. पण त्या भाकितावर विसंबून त्यांनी एक बिघाही जमीन कधी घेतली नाही. जमीन घ्यायची वेळ आली, की ते लाल कापडात बांधलेली एक चोपडी काढीत. पुढच्या सालचे घटाला विचारायचे, आणि किमतीचे मागच्या सालांना, अशी त्यांची सरळ वाटणी होती.

२०११ सालची गोष्ट. त्या हंगामात कापसाला सोन्याचा भाव आला होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,००० रुपये असताना बाजारात त्याच्या दुपटीहून अधिक मिळत होते. नेमके तेव्हाच मामांच्या बांधाला लागून असलेले एक कोरडवाहू शेत विकायला निघाले. मालकाने यंदाचे निव्वळ उत्पन्न सांगितले आणि त्याच्या दहा पट किंमत मागितली. दहा वर्षांत पैसा वसूल. हिशेब कसा चोख दिसत होता! मीही तेव्हा तेथे होतो, आणि मामांनी ते शेत घ्यावे असे मला मनापासून वाटत होते.

मामा ओट्यावर बसून म्हणाले, "बापू, यंदाचं राहू दे. मांगच्या दहा सालांचं सांग."

मालकाला सांगता येईना. पण बांधाला बांध असल्यामुळे मामांना बरेचसे ठाऊकच होते. त्यांनी चोपडीत आठवून आठवून साल लिहिले आणि पुढे उत्पन्न. पाऊस दडी मारून बसलेले साल, बोंडअळीचे साल, बरे साल, मध्यम साल. मग त्यांनी जे केले ते पाहून मी थक्क झालो. प्रत्येक सालच्या रकमेपुढे त्यांनी त्या सालचा ज्वारीचा भाव लिहिला आणि त्या रकमेत तेव्हा किती ज्वारी आली असती ते मांडले. मी विचारले, "मामा, हे कशाला?"

"अरे, त्या सालचा रुपया अन् आजचा रुपया एक हाये का? ज्वारी मात्र तेव्हाही पोटालेच लागे अन् आताही पोटालेच लागते."

दहा सालांच्या ज्वारीची त्यांनी सरासरी काढली, तिला आजच्या भावाने गुणले, आणि मालकाने मागितलेली किंमत त्या रकमेने भागली. उत्तर आले पंचवीस! यंदाच्या उत्पन्नाच्या दहा पट वाटणारे शेत खरोखर पंचवीस पट किमतीने विकले जात होते. मामांनी चोपडी बांधून ठेवली. शेत दुसऱ्या एका शेजाऱ्याने कर्ज काढून, घरातले दागिने मोडून घेतले. पुढच्या हंगामात कापसाचा तो भाव राहिला नाही. कर्जाचे हप्ते मात्र होते तेवढेच राहिले. त्या घरातल्या बाईच्या हातात नंतर कित्येक वर्षे काचेच्या बांगड्याच होत्या. हे सांगताना मामांच्या आवाजात 'मी म्हटले होते ना' असला सूर कधीही नसे. दुःखच असे.

मामांनी अर्थशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते. पण त्यांची ही रीत म्हणजे जगातल्या शेअरबाजारांत कंपन्यांची किंमत तोलण्याची एक नावाजलेली रीत आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

कापसाने मुंबईला शिकवलेला धडा

एका सालच्या भावाला कायमचे समजण्याची ही चूक फक्त एका शेजाऱ्याची नव्हे. याच वऱ्हाडच्या कापसापायी एकदा सारी मुंबई ती करून बसली होती.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिथल्या दक्षिणेकडच्या संस्थानांचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, आणि लँकाशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या. वऱ्हाड आणि गुजराथ येथल्या कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदरातून जाऊ लागल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तो पैसा कोठे तरी मुरायला हवा होता. नव्या बँका निघाल्या, नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे या साऱ्या उलाढालीचे शेटजी. बॅकबेच्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत चढला. त्या कंपनीचे 'पीक' अजून समुद्राच्या तळाशीच होते. पण विचारतो कोण?

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्याचे सौदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा पैसे देणारे कोणी उरले नाही. बॅकबेचा शेअर २,००० च्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० वर चढला होता, तो ८७ वर उतरला. पुढे ती बँकही बुडाली.

कापूस मात्र खोटा नव्हता. तो पुढेही पिकत राहिला. १८७० साली लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयने खामगावचा लोहमार्ग खुला केला तो कापसासाठीच. खामगावचा कापूस बाजार पुढे अनेक दशके नावाजलेला होता. खोटा होता तो हिशेब. युद्धाची चार साले म्हणजे जणू कायमचे साल असे धरून लोकांनी किंमत मोजली होती. त्यांत मागची सहा शांततेची साले मिळवून कोणी सरासरी काढली असती, तर कित्येक घरे वाचली असती.

पुस्तकातली चोपडी

१९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९३४ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड या दोघा अध्यापकांनी 'सिक्युरिटी ॲनालिसिस' नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांनी बजावले, की कंपनीची कमाई एका वर्षाची पाहू नका. निदान पाच, आणि शक्यतो सात किंवा दहा वर्षांची सरासरी घ्या. धंद्यात तेजी-मंदीची चक्रे येतात. तेजीतल्या एका वर्षावर भाव ठरवाल तर फसाल, आणि मंदीतल्या वर्षावर ठरवाल तर चांगला माल हातचा जाईल.

१९८८ मध्ये जॉन कॅम्बेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थशास्त्रज्ञांनी या सरासरीत महागाईचा हिशेब मिसळला. १८७१ पासूनचे अमेरिकन बाजाराचे आकडे त्यांनी गोळा केले. प्रत्येक वर्षाची कमाई आजच्या डॉलरांत आणायची, दहा वर्षांची सरासरी काढायची आणि बाजारभावाला त्या सरासरीने भागायचे. मामांची ज्वारी तेथे महागाईच्या निर्देशांकाच्या रूपाने आली, एवढेच! शिलर यांना २०१३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नेहमीच्या बोलण्यात 'हा शेअर दहा पटीला मिळतो' असे म्हणतात. म्हणजे गेल्या एका वर्षात एका शेअरमागे जी कमाई झाली, तिच्या दहा पट भाव. तिला आपण एकसाली पट म्हणू, आणि या दुसऱ्या रीतीला दहासाली पट.

एक घरगुती उदाहरण

२०२२ च्या दिवाळीत माझ्या मामेभावाचा फोन आला. तो शाळेतून नुकताच निवृत्त झाला होता. फंडाची रक्कम बँकेत पडून होती आणि मुलगा म्हणत होता, की अमुक एका कंपनीचा शेअर ४०० रुपयांना आहे, गेल्या वर्षी शेअरमागे ४० रुपये कमाई झाली, अवघ्या दहा पटीला एवढी उत्तम कंपनी पुन्हा मिळायची नाही. ती रक्कम म्हणजे मामेभावाची सारी नोकरी होती. तीत मामींच्या औषधपाण्याचीही सोय होती.

मी त्याला म्हटले, "आपल्या बाबांची चोपडी काढ."

कंपनीच्या वार्षिक अहवालात दहा वर्षांचा गोषवारा बहुधा असतो. महागाईसाठी आम्ही प्राप्तिकराचा निर्देशांक घेतला. जुने घर विकताना अनेकांनी हा आकडा पाहिलेला असतो. २००१-०२ साल १०० धरले, तर तो २०१२-१३ साठी २०० आणि २०२१-२२ साठी ३१७ होतो. म्हणजे २०१२-१३ चे १० रुपये १० गुणिले ३१७ भागिले २००, असे १५.८५ रुपये झाले. समजायला सोपे जावे म्हणून त्या कंपनीच्या आकड्यांऐवजी येथे कल्पित आकडे देतो. पहिला आकडा शेअरमागची मूळ कमाई, दुसरा तीच कमाई २०२१-२२ च्या रुपयांत:

२०१२-१३ : १० रु. : १५.८५ रु.
२०१३-१४ : ११ रु. : १५.८५ रु.
२०१४-१५ : ६ रु. : ७.९३ रु.
२०१५-१६ : ८ रु. : ९.९८ रु.
२०१६-१७ : १२ रु. : १४.४१ रु.
२०१७-१८ : ८ रु. : ९.३२ रु.
२०१८-१९ : १४ रु. : १५.८५ रु.
२०१९-२० : ५ रु. : ५.४८ रु.
२०२०-२१ : ८ रु. : ८.४३ रु.
२०२१-२२ : ४० रु. : ४०.०० रु.

दुसऱ्या आकड्यांची बेरीज १४३.१० रुपये, आणि सरासरी १४.३१. चारशेला तिने भागले तर येतात २८. दहा पटीचा शेअर अठ्ठावीस पटीचा निघाला! महागाईचा हिशेब न करता नुसती मूळ आकड्यांची सरासरी घेतली असती, तर ती १२.२० आली असती आणि पट ३३ दिसला असता. म्हणजे जुन्या कमाईवर अन्याय झाला असता. ज्वारीचा भाव मांडायचा तो याचसाठी.

आता याची दुसरी बाजू पाहा. समजा, पुढच्या साली मंदी आली, कमाई अवघी २ रुपये झाली आणि शेअर १५० वर आला. एकसाली पट होईल ७५. घाबरून लोक म्हणतील, केवढा हा महाग शेअर! पण सगळ्यात जुने साल गाळून, हे नवे साल धरून, ३३१ या पुढच्या निर्देशांकाने पुन्हा हिशेब केला, तर सरासरी येते सुमारे १३.४९ आणि पट येतो ११. त्याच कंपनीचा शेअर एकसाली हिशेबाने महाग होत होता, तेव्हा खरोखर स्वस्त होत होता.

ही केवळ कागदावरची करामत नाही. २००९ च्या वसंतात अमेरिकेत हेच घडले. २००८ च्या बँकसंकटाने कंपन्यांची कमाई इतकी खालावली, की पाचशे मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा एकसाली पट शंभराच्या वर गेला. दहासाली पट मात्र मार्च २००९ मध्ये तेराच्या आसपास होता; त्याची जुनी सरासरी सतराच्या घरातली. तेव्हा निर्देशांक ६७६ वर होता. दहा वर्षांनी तो त्याच्या चौपट झाला.

चोपडी काय सांगत नाही

येथे एखादा वाचक खूष होऊन म्हणेल, मग काय, अठ्ठावीस आले की विकायचे आणि अकरा आले की घ्यायचे! थांबा. असे म्हणालात तर तुम्ही पुन्हा भेंडवळच्या शेतात जाऊन पोहोचलात.

डिसेंबर १९९६ मध्ये शिलर आणि कॅम्बेल यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेपुढे जाऊन सांगितले, की बाजार फार महाग झाला आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी त्या बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी एका भाषणात बाजारातल्या 'अविवेकी उत्साहा'विषयी शंका बोलून दाखवली. तेव्हा तो निर्देशांक साडेसातशेच्या आसपास होता. पुढे काय झाले? बाजार कोसळला नाही. सव्वातीन वर्षे चढत राहिला आणि मार्च २००० मध्ये पंधराशेच्या वर गेला. दहासाली पट चव्वेचाळीसपर्यंत पोहोचला होता. १९२९ च्या शिखरावरही तो तेहेतीसच्या आसपासच होता. लोक शिलर यांना हसले असतील. मग घसरण लागली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये निर्देशांक ७७६ वर आला, म्हणजे जवळजवळ निघाला होता तेथेच. इशारा खरा ठरला, पण सहा वर्षांनी. या सहा वर्षांत किती जणांचा धीर सुटला असेल!

म्हणून ही रीत भाव किती हे सांगते, केव्हा हे सांगत नाही. शिवाय १९९० नंतर बहुतेक काळ अमेरिकेतला हा पट जुन्या सरासरीच्या वरच राहिला आहे, आणि तरीही बाजार वाढलेला आहे. व्याजाचे दर उतरले, की लोक जास्त पट द्यायला तयार होतात. हिशेबाचे नियम बदलले, की कमाईचे आकडेही बदलतात. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना २०१६-१७ पासून नवी हिशेबपद्धती लागू झाली.

दुसरे असे, की साऱ्या बाजाराला ही रीत जितकी नीट लागू पडते, तितकी एकट्या कंपनीला पडत नाही. शेतात विहीर लागली, कोरडवाहूचे ओलिताचे झाले, तर जुन्या सालांचे उत्पन्न मोजून काय उपयोग? तसेच कंपनीचे. तिने धंदाच बदलला असेल, दुसरी कंपनी पोटात घेतली असेल, किंवा तिला दहा वर्षे पुरी झाली नसतील, तर ही चोपडी अपुरी पडते. कंपनीने मध्ये बोनस शेअर दिले असतील किंवा एका शेअरचे पाच केले असतील, तर जुनी कमाईही त्याच प्रमाणात वाटून घ्यावी लागते. नाहीतर सारा हिशेब चुकतो. आणि कापडाच्या गिरणीचा पट औषधांच्या कारखान्याशी ताडून पाहू नये. ज्याचा त्याच्याच मागच्या पटांशी ताडावा.

आणखी एक गोष्ट. प्राप्तिकराचा निर्देशांक शहरी महागाईच्या तीन-चतुर्थांश वाढीवर बांधलेला आहे. तो खऱ्या महागाईपेक्षा थोडा मागे चालतो. ज्यांना बारकाईने मोजायचे आहे त्यांनी सरकारी नोकरांचा महागाई भत्ता ज्यावर ठरतो तो ग्राहक निर्देशांक घ्यावा.

आणि सरासरीत वाईट साले गाळू नयेत, हे सगळ्यांत महत्त्वाचे. २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान पीकविमा योजनेत उंबरठा उत्पन्न ठरवताना मागच्या सात सालांतली उत्तम पाच घेण्याचा नियम केला गेला. नुकसानभरपाई ठरवताना ते शेतकऱ्याच्या हिताचे आहे. विकत घेणाऱ्याने मात्र दहाच्या दहा साले धरावीत. 'ते साल करोनाचे होते, ते सोडा' असे कोणी म्हणाले, तर त्याला विचारावे, की पुढच्या दहा सालांत एकही वाईट साल येणार नाही, हे कोणत्या घागरीत पाहिले?

मामेभावाने तो शेअर घेतला नाही. फंडाची रक्कम त्याने पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत ठेवली. गंमत अशी, की शेअर पुढे सहा-सात महिने चढतच राहिला, आणि दर रविवारी मुलगा बापाला नवा भाव वाचून दाखवी. मामेभाऊ ऐकून घेई आणि चहा पिई. नंतर शेअर उतरला तेव्हा मुलाने भाव वाचायचे सोडून दिले. बापानेही विचारले नाही. त्या घरात या विषयावर भांडण झाले नाही, ही मला त्या वर्षातली मोठी कमाई वाटते.

मामा आता नाहीत. लाल कापडातली चोपडी मामेभावाकडे आहे. गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी तीही पाटावर ठेवलेली होती. पूजा झाल्यावर मुलाने ती हळूच उघडली, २०११ चे पान काढले, ज्वारीच्या भावांवरून बोट फिरवीत खाली आला आणि म्हणाला, "बाबा, आजोबांचा एक भागाकार चुकलाय. पंचवीस नाही, साडेचोवीस येतात."

मामा असते तर केवढे खूष झाले असते!